पहिली, दुसरी, तिसरी



मुख्याध्यापिका बाईंनी मला विषयाचं बंधन घातलं नाही, एवढंच म्हणाल्या, "खेळाबद्दल बोला." मी आयुष्यभर मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवला, तेव्हा त्याबद्दलच बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण आज मला इटलीच्या एका मुलीबद्दल बोलायचं आहे. तिचं नाव सोफिया राफाएली. ती रिदमिक जिम्नॅस्ट आहे. १९ जानेवारी २००४ चा जन्म, गाव क्यारावाल्ले. शिक्षकांनी हे गाव लक्षात ठेवावं, कारण १८७० मध्ये मारिया माँटेसरी याच गावात जन्मल्या. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं त्यांनी भारतात काढली, आणि त्यांची बालशिक्षणाची पद्धत आपल्या ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांच्या अंगणात नेली. एका छोट्या गावाचं देणं किती लांबवर पोचतं!

रिदमिक जिम्नॅस्टिक्स तुमच्यापैकी अनेकांनी फक्त मोबाईलवर पाहिलं असेल. तेरा मीटर लांब-रुंद गालिचा, एकटी मुलगी, संगीत आणि जास्तीत जास्त दीड मिनिट. हातात हूप, बॉल, क्लब्ज किंवा रिबन. प्रत्येक साधनाचा वेगळा संच, आणि चारही संचांच्या गुणांची बेरीज म्हणजे सर्वसाधारण स्पर्धेचा निकाल. रिबन सहा मीटर लांब असते आणि ती सतत हलती ठेवावी लागते. जरा ढिली पडली की गाठ बसते, आणि गाठ सोडवताना घड्याळ थांबत नाही. साधन हातातून पडलं तर ते किती दूर गेलं त्याप्रमाणे अर्ध्यापासून एका गुणापर्यंत वजावट होते.

यातला सगळ्यात अवघड भाग 'रिस्क'. साधन उंच फेकायचं, ते हवेत असताना अंगाची किमान दोन आवर्तनं घ्यायची आणि मग झेलायचं. म्हणजे फेकलेल्या वस्तूवरची नजर काढून घ्यायची. मल्लखांबावर आम्ही मुलींना सांगतो की हाताआधी नजर सुटते, नजर सांभाळा. इथे नजर मुद्दाम सोडायची आणि हात नेमका जागेवर न्यायचा. तो हात हजारो वेळा तिथे जाऊन आलेला असतो, म्हणूनच जातो. सोफियाचा संच पाहाल तर एक साधन झेलून होतंय तोवर पुढची करामत सुरू झालेली असते, श्वासाला जागा नाही. चणीने लहान, वेगाने अचाट, म्हणून इटलीत तिला अणुशक्तीची मुंगी म्हणतात.

ती घडली फाब्रियानो नावाच्या गावात. फाब्रियानो कागदासाठी प्रसिद्ध आहे, तेराव्या शतकापासून तिथे हातकागद बनतो. वस्ती साधारण तीस हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण तिथल्या जिम्नॅस्टिक्स क्लबने २०१७ पासून सलग अनेक वर्षं इटलीचं क्लब अजिंक्यपद राखलं. हे कसं झालं? क्रिस्तिना ग्युरोवा नावाच्या बल्गेरियन प्रशिक्षिका तिथे रुजल्या. बल्गेरिया म्हणजे या खेळाचं माहेरघर. त्यांची मुलगी ज्युलिएता कांतालुप्पी इटलीकडून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळली आणि नंतर त्याच गालिच्यावर प्रशिक्षिका म्हणून उभी राहिली. तिने सोफियाला घडवलं. सोफियाआधी याच क्लबमधली मिलेना बाल्दासार्री टोकियो ऑलिंपिकमध्ये सहावी आली होती. मोठी ताई रोज शेजारी सराव करते आहे, हे पाहत सोफिया वाढली. प्रतिभा उपजत असते असं आपण पटकन म्हणून टाकतो. मला मात्र अशा वेळी त्या सभागृहाकडे पाहावंसं वाटतं, जिथे एकीमागून एक मुलगी तयार होते.

आता तिची कारकीर्द. २०२१ मध्ये जपानच्या किताक्युशूला जागतिक स्पर्धा झाली. सतरा वर्षांच्या सोफियाने हूपमध्ये कांस्य मिळवलं. रशिया आणि बेलारूसच्या मुली तेव्हा मैदानात होत्या, हे ध्यानात ठेवा. पुढच्या वर्षी युक्रेनवरच्या आक्रमणामुळे त्या दोन्ही देशांवर बंदी आली. सप्टेंबर २०२२ ची जागतिक स्पर्धा बल्गेरियात सोफिया शहरात झाली. आणि सोफिया नावाच्या या मुलीने तिथे सर्वसाधारण विजेतेपद, हूप, बॉल, रिबन आणि सांघिक अशी पाच सुवर्णं जिंकली, शिवाय क्लब्जमध्ये कांस्य. वैयक्तिक सर्वसाधारण जगज्जेतेपद त्याआधी इटलीच्या एकाही मुलीला मिळालं नव्हतं. रशियन मुली नव्हत्या म्हणून जमलं, असं म्हणणारे निघालेच. त्यांना उत्तर द्यायला किताक्युशूचं पदक पुरेसं आहे, असं माझं मत.

२०२३, व्हॅलेन्सिया. जर्मनीच्या दार्या वारफोलोमेयेवने वैयक्तिक पाचही सुवर्णं नेली. सोफिया दुसरी. मग ऑलिंपिकचं वर्ष उजाडलं तेव्हा लहानपणापासूनच्या प्रशिक्षिका सोबत नव्हत्या. पॅरिसला तिच्यासोबत क्लाउदिया मांचिनेल्ली होत्या. जगज्जेतेपदाच्या उंचीवर असताना शिकवणारा माणूस बदलणं किती जड जातं, ते खेळाडूंच्या पालकांना सांगायला नको. हाक मारण्याच्या सुरापासून सगळं नव्याने लावून घ्यावं लागतं.

पॅरिसला पात्रता फेरीत ती पहिली आली. पण अंतिम फेरीत आधीचे गुण धरत नाहीत, सगळ्या पुन्हा शून्यापासून. ९ ऑगस्ट २०२४. वारफोलोमेयेव १४२.८५०, बल्गेरियाची बोर्याना कालेन १४०.६००, सोफिया १३६.३००. तिसरी.

मुलांनो, ही तीन वर्षं ओळीने लावून पाहा. पहिली, दुसरी, तिसरी. आपल्या घरात अशी प्रगतिपुस्तकं आली असती तर काय झालं असतं? "घसरलीस" हा शब्द ऐकू आला असता, क्लास बदलला असता, कदाचित खेळच बंद झाला असता. आणि तरी हे तिसरं स्थान काय होतं? १९८४ ला लॉस एंजलिसमध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हापासून इटलीला वैयक्तिक स्पर्धेत मिळालेलं हे पहिलं पदक. चाळीस वर्षांत पहिलं. सांघिक पदकं त्यांनी बरीच मिळवली होती, पण एकटीने गालिच्यावर उभं राहून कुणालाच ते जमलं नव्हतं. मला ते कांस्य तिच्या पाच सुवर्णांपेक्षा मोठं वाटतं. जिंकत असताना सरावाला जाणं सोपं असतं. आपल्याहून सरस मुलगी आली आहे हे गुणफलकावर लख्ख दिसत असताना, रोज सकाळी तीच रिबन हातात घेणं फार अवघड. सोफियाने ते केलं.

पालकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. सोफियाच्या जगज्जेतेपदानंतर पुढच्याच महिन्यात इटलीच्या राष्ट्रीय सांघिक चमूत आधी खेळलेल्या काही मुली जाहीरपणे बोलल्या. वारंवार होणारं वजन, त्यावरून चारचौघांत ऐकवलेले शब्द, जेवणाचा बसलेला धसका, हे त्यांनी सांगितलं. सगळा देश हादरला, चौकश्या लागल्या. या खेळात सडपातळ दिसण्याचा दबाव जगभर आहे, आणि आपल्याकडे नृत्याच्या वर्गातही आहे. वाढत्या वयाच्या मुलीच्या ताटाकडे बोट दाखवणारा प्रशिक्षक कितीही पदकं आणणारा असो, तिला त्याच्या हाती देऊ नका. पाळी अनियमित झाली, मुलगी जेवण टाळू लागली, तर आधी डॉक्टरकडे जा, स्पर्धा नंतर.

इटलीची आणखी एक व्यवस्था मला फार आवडते. सोफिया तिथल्या राज्य पोलिसांच्या क्रीडा विभागात आहे, फियाम्मे ओरो त्याचं नाव. त्यामुळे घर चालवण्याची चिंता न करता खेळता येतं. आपल्याकडे रेल्वे आणि पोलीस दलं हेच काम करतात, पण आपली मुलगी तिथवर पोचायच्या आतच बहुतेक वेळा खेळ सुटलेला असतो.

सगळ्यांचाच सुटतो असं नाही. ठाण्याच्या संयुक्ता काळेने हाच खेळ खेळून २०२२ मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया स्पर्धेत पाच सुवर्णं मिळवली. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत जिम्नॅस्ट प्रणती नायकसोबत ती सर्वोत्कृष्ट महिला खेळाडू ठरली. तेव्हा हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं मला कुणी सांगू नये.

संस्थाचालकांना माझी विनंती आहे. हे सभागृह उंच आहे, फेकलेला हूप छताला लागणार नाही. शाळा सुटल्यावर संध्याकाळी सातपर्यंत ते मुलींसाठी उघडं ठेवा. जमिनीवर गालिचा टाका, शिकवायला प्रशिक्षित बाई नेमा, आणि संघ निवडताना आधीच गाळणी लावू नका, येईल तिला शिकू द्या. हूप, बॉल, क्लब्ज आणि रिबन यांचा पहिला संच मी देईन. बाई, पुढच्या आठवड्यात मी स्वतः येते, तेव्हा जागेची मापं घेऊ.

आता पडद्यामागची मुलं खोळंबली आहेत.