फोन एक, शिकणारे दोन

(शिरूर अनंतपाळ इथे विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावताना सांगितलं, तू करोनात बारावी झालास, लातूरला कॉलेज केलंस, तर पोरांना चार प्रोत्साहनाचे शब्द सांग. प्रोत्साहन देणारे लई झाले. मी हिशेब सांगायला उभा आहे. त्यात व्यवस्थेची उधारी आहे, तशी माझीपण आहे.

२४ मार्च २०२० च्या रात्री टीव्हीवरून देश बंद झाला. अंतर ठेवा म्हणाले. आम्हाला अंतर कुणी नव्यानं शिकवायची गरज नव्हती. गावानं ते पिढ्यान् पिढ्या ठेवलेलंच आहे. तेव्हा मी अकरावी सायन्सला होतो, बहीण नववीला. पुढं जूनमध्ये शाळा मोबाईलमध्ये गेली. म्हणजे गावकुसाला नवं दार बसलं आणि त्याला रिचार्जचं कुलूप.

केंद्र सरकारच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीनं २०१७-१८ ला सांगून ठेवलं होतं, की खेड्यापाड्यांत शंभरातल्या जेमतेम १५ घरांत इंटरनेटची सोय आहे. कॉम्प्युटर तर शंभरात चार-पाच घरांत. आकडा सरकारचा, तरी शिक्षण ऑनलाईन. उरलेल्या ८५ घरांतली लेकरं कुणाची, हे मी सांगायला पाहिजे का?

आमच्या बापानं शेळी विकून फोन आणला. फोन एक, शिकणारे दोन. बाप म्हणला, "दाद्याची बारावी हाय, त्याला दे." माय काही बोलली नाही. बहीण काही बोलली नाही. मीपण बोललो नाही. दोस्तांनो, माझा पहिला गुन्हा हा. मनूला शिव्या घालणारा मी, त्या दिवशी मनूच्याच ताटात जेवलो.

मी टाकीवर चढून रेंज धरायचो. दीड जीबी माझ्या तासांना संपायचं. रात्री तिच्या हातात फोन यायचा तेव्हा चाक नुसतं फिरायचं. ती मैत्रिणीच्या वहीवरून उतरवून काढायची. मैत्रिणीच्या आईनं एक दिवस सांगितलं, साथीचे दिवस आहेत, घरात येऊ नकोस. साथ होती, खरं आहे. पण त्या घरात तिच्या बाकीच्या मैत्रिणी येत-जात होत्या.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली, जूनमध्ये बारावीची. पोरं नाचली. मीपण नाचलो. मग मार्क द्यायची रीत कळली. दहावीला नववीचे ५० गुण, दहावीच्या वर्षातल्या लेखी कामाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०. बारावीला दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३०, बारावीतल्या अंतर्गत कामाचे ४०. बोर्डाच्या पेपरवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही. आमच्यासाठी ती केवढी मोठी ढाल होती, हे ती गेल्यावर कळलं. आता मार्क त्याच्या हातात, ज्याला आमची वस्ती माहीत. सगळे मास्तर वाईट नसतात. पण आमचं भविष्य कुणाच्या चांगुलपणावर का टांगलेलं असावं?

निकाल लागले. दहावीचा ९९.९५ टक्के, बारावीचा ९९.६३ टक्के. अख्खा महाराष्ट्र पास! मीपण पास, बहीणपण पास. तिला बावन्न टक्के. ज्या कामाचे मार्क होते ते काम फोनवर पाठवायचं होतं आणि फोनवर मी बसलेलो.

पास होणं वेगळं आणि आत जाणं वेगळं. आत जायला कागद लागतात. गावाला आमची जात तीनशे पासष्ट दिवस तोंडपाठ असते. चहाच्या कपाला ती माहीत असते. पण दाखल्यासाठी पुरावा १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पाहिजे. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटून दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. आमचा आजा शाळेची पायरी चढला नाही, त्याचा शाळेचा दाखला कुठून आणू? जुनं दप्तर उर्दूत, वाचणारा म्हातारा सापडायला महिना गेला. त्यात कधी ऑफिस बंद, कधी सर्व्हर बंद.

एका कॉलेजच्या खिडकीवर ऐकलं, "शिष्यवृत्तीचं नंतर बघू, आधी फी भर." शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या पोराकडून प्रवेशाच्या वेळी ती फी मागायची नाही, असे शासनाचे आदेश आहेत. मला माहीत नव्हतं. मायनं कानातलं मोडलं. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीनं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांचे ५९,०४८ कोटी जाहीर केले होते. कोटी पेपरात आले, मायचं कानातलं काही परत आलं नाही.

२० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं उघडली. लातूरला खोली केली. घरात भाडं एकाचंच निघत होतं, म्हणून बहीण सोयाबीनच्या रानात गेली. मी प्रयोगशाळेत, ती खुरपं घेऊन. तिच्या मजुरीतलं माझं भाडं जायचं. आता सांगा, शिकलं कोण आणि शिकवलं कुणी?

बाबासाहेबांना हे दुखणं ठाऊक होतं. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ ला इथून जवळच्या सोलापुरात काय काढलं? वसतिगृह. १९५० ला औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याच्यासोबतही वसतिगृह. नुसतं 'शिका' म्हणून भागत नाही, शिकणाऱ्याला निजायला जागा आणि खायला भाकर लागते. आणि सावित्रीमाई? प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी लेकरू पाठीवर घेऊन निघाली, त्याच साथीत १० मार्च १८९७ ला गेली. तिनं परक्याचं लेकरू पाठीवर घेतलं. मला सख्ख्या बहिणीला फोन देता आला नाही.

म्हणून भाषण नको, काम सांगतो. साथ पुन्हा येईल, नाहीतर दुष्काळ येईल, नाहीतर नुसता सर्व्हर बंद पडेल. दर वेळी पहिला बाहेर पडणार आपल्यातला आणि आपल्यातलीही पोरगीच. वस्तीच्या विहारात प्रत्येक पोराची फाईल करा. जातीचा दाखला, पडताळणी, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं खातं. शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे, तेवढं पाठ ठेवा. निकालाची वाट बघू नका, आठवीतच सुरुवात करा. खिडकीवर एकटं जाऊ नका, पाच जण जा. फी मागितली तर म्हणा, लिहून द्या. लिहून द्यायची वेळ आली की आवाज खाली येतो, हे मी स्वतः पाहिलंय. आणि घरात फोन एकच असेल तर तास वाटून घ्या, अर्धे तिचे.

माझ्या बहिणीनं पुढं १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी दिली. दिवसा रान, रात्री वही. पास झाली. परीक्षा देऊन, तिच्या नंबरावर. तिनं मला माफ केलंय का, मी विचारलेलं नाही. माफी मागून हिशेब फिटत नसतो. आता तिला कॉलेजला घालायचंय. तिचा फॉर्म मी भरणार नाही, तीच भरणार. मी नुसता रांगेत तिच्या मागं उभा राहणार.

ती इथं मागं बसलीय, दप्तर घेऊन. ज्यांचे कागद अडलेत त्यांनी जाऊ नका, थांबा. आत्ताच बसूया.

जयभीम.