न दिसणारें विष



आपल्या गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालापासून दारूबंदी आहे. तथापि चोरून येणाऱ्या दारूंत काय मिसळलें आहे, हें पुष्कळदां विकणाराही जाणत नाहीं. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणींत अशाच दारूनें १०० हून अधिक माणसें दगावलीं. तींत मिथेनॉल होतें. त्यास रंग नाहीं. शरीरांत त्याचें फॉर्मिक आम्ल बनून तें दृष्टि व प्राण हरण करितें. अमेरिकेंत फेंटानिल हें कृत्रिम द्रव्य असेंच इतर अमली पदार्थांत मिसळलेलें असतें. त्याचे २ मिलिग्रॅमही प्राणघातक ठरूं शकतात.

म्हणून कुरखेड्यांत कोणी पिऊन आल्यावर ‘धुरकट दिसतें’ म्हणाला, तर लोकलज्जा न बाळगतां त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. अब्रू मागाहून सांभाळतां येईल. गेलेला जीव परत आणतां येणार नाहीं.