काळी, पांढरी आणि घरजागेचा भाव

मुंबई-पुण्यासारख्या नगरांत जून महिना सरतो न सरतो तोंच घरांच्या बाजाराचे सहामाही आढावे प्रसिद्ध होऊं लागतात. किती घरें विकलीं गेलीं, किती पडून राहिलीं, भाव किती चढला, याचीं कोष्टकें घरोघर वाचलीं जातात. बुलढाणा जिल्ह्याच्या खामगांव तालुक्यांतील पिंपळगांव राजा या गांवाविषयीं असा आढावा कोणी छापीत नाहीं. परंतु म्हणून तेथें बाजारच नाहीं, असें मात्र नव्हे. नोकरीनिमित्त शहरांत स्थायिक झालेलीं कुटुंबें सुटींत अशा गांवीं जातात, आणि वडिलोपार्जित घर ठेवावें कीं विकावें, हा प्रश्न नेमका वर्षाच्या मध्यावर त्यांच्यापुढें उभा राहतो. या प्रश्नाचें उत्तर घाईनें देणारा मनुष्य बहुधा नुकसानींत येतो.

पहिली गोष्ट काळाची. वऱ्हाडांतील गांवाचें वर्ष जानेवारींत सुरू होत नाहीं. तें मृगापासून मोजावें. या दिवसांत बियाणें, खत, मजुरी आणि मुलांचीं पुस्तकें यांसाठीं घरांतील पैसा बाहेर जातो. सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास घरीं येतें, कापूस दिवाळीच्या आगेमागें वेचणीस लागतो, आणि त्यानंतर लोकांच्या हातांत चार पैसे खेळूं लागतात. चातुर्मासांत वास्तुशांति करण्याची पुष्कळ घरांत रीत नाहीं. पावसाळ्यांत नदीच्या पात्रांतून वाळू उपसण्यास बंदी असते, त्यामुळें बांधकामहि मंदावतें. सारांश, आषाढांत विकणारा गरजू असतो आणि घेणारा विरळा. अशा वेळीं भाव उतरलेला दिसला, तर ती बाजाराची कायमची मंदी समजूं नये. आषाढाची तुलना गेल्या आषाढाशीं करावी, कार्तिकाशीं नव्हे.

दुसरी गोष्ट जागेची. आपल्याकडे गांवाच्या वस्तीला पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणण्याचा जुना प्रघात आहे. गांव वाढतें तसतशी पांढरी काळीवर पसरते, आणि घरजागेचा खरा चढउतार या दोहोंच्या सीमेवर घडतो. जुन्या पांढरींतील घराला भिंती जाड, पण गल्ली अरुंद आणि वारस अनेक. रस्त्यालगतच्या काळींत हवा मोकळी आणि वाहन दारापर्यंत येणारें. म्हणून नव्या पिढीचा ओढा तिकडे. परंतु दोन्हीकडे अखेर किंमत ठरवितो तो कागद.

पांढरींतील घराबद्दल ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून पुष्कळ लोक निर्धास्त होतात. तो उतारा कर-आकारणीचा आहे. मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. ही उणीव भरून काढण्यासाठीं २४ एप्रिल २०२० रोजीं केंद्र सरकारची स्वामित्व योजना सुरू झाली. तींत ड्रोनच्या साहाय्यानें गांवठाणाची मोजणी होऊन प्रत्येक घरजागेची मिळकत पत्रिका तयार केली जाते. ज्या घराची पत्रिका झाली, त्यावर बँकेकडून कर्ज मिळणें सुलभ होतें. आणि ज्याला कर्ज मिळूं शकतें, त्या घराला गिऱ्हाइकेंहि अधिक. भिंती त्याच, परंतु कागद बदलतांच भाव बदलतो.

काळींतील धोका निराळा आहे. १९४७ सालच्या तुकडेबंदी कायद्यानें शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्यास प्रतिबंध केला. ऑगस्ट २०२३ मध्यें राज्यांतील बहुतेक जिल्ह्यांसाठीं हें किमान क्षेत्र जिरायतास २० गुंठे आणि बागायतास १० गुंठे असें ठरविण्यांत आलें. असें असतांहि गांवाच्या कडेला गुंठा-दीड गुंठ्याचे व्यवहार साध्या मुद्रांकावर होत आले आहेत. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. घराला पुरेसा, परंतु सातबाऱ्यावर नांव चढण्यास अपुरा. २०२५ सालीं शासनानें जुन्या तुकड्यांचे कांहीं व्यवहार नियमित करण्याची वाट मोकळी केली; तथापि ती सर्वच जागांना लागू नाहीं. जन्माची पुंजी अशा कागदावर लावणाऱ्याला पुढें ना घर बांधतां येत, ना जागा विकतां येत.

मग भाव समजावा कसा? शासन दरवर्षीं बाजारमूल्याचा तक्ता काढतें. १ एप्रिल २०२५ पासून ग्रामीण भागांतील हे दर सरासरीनें ३.३६ टक्के वाढविण्यांत आले. परंतु हा तक्ता मुद्रांक शुल्क आकारण्यासाठीं आहे. ठरलेली किंमत आणि तक्त्याचें मूल्य यांतील जें अधिक, त्यावर शुल्क पडतें. प्रत्यक्ष व्यवहाराचा अंदाज हवा असल्यास नोंदणी खात्याच्या दप्तरांतील सूची क्रमांक दोन पाहावी. तींत शेजारची जागा कोणत्या दिवशीं आणि किती मोबदल्यास गेली, हें नमूद असतें. चावडीवर ऐकलेल्या दहा आंकड्यांपेक्षां तेथील दोन आंकडे अधिक उपयोगी पडतात.

घेणाऱ्याला मात्र हा पावसाळा अनुकूल आहे. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसांत फुगते. पाया कच्चा असेल तर भिंतीला तडा जातो. वैशाखांत सपाट व सुंदर दिसणाऱ्या जागेवर आषाढांत गुडघाभर पाणी सांचतें. म्हणून जागा पावसांत पाहावी, कागद श्रावणांत तपासावे आणि सौदा सुगीनंतर करावा.

विकणाऱ्यानेंहि एवढेंच ध्यानांत ठेवावें. पेरणीच्या खर्चापायीं आषाढांत मोडलेलें घर कार्तिकांत त्या पैशांत परत मिळत नाहीं. भावाभावांत वाटणी व्हावयाची असेल, तर आधीं पत्रिका सर्वांच्या नांवें करून घ्यावी, मग किमतीचा विचार करावा. पुढील पिढीला घर राहो अथवा पैसा मिळो. भांडण तेवढें वारशांत जाऊं नये.