जलाशय ते तक्ता : आकडेवारीचा जोडमार्ग

(महाराष्ट्रातून अभ्यासदौऱ्यावर आलेल्या नियोजन व सांख्यिकी अधिकाऱ्यांसमोर चेन्नई येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आज आपण ज्या शहरात जमलो आहोत, त्याची तहान दीर्घकाळ पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम या चार जलाशयांवर अवलंबून राहिली आहे. त्यांची एकत्रित साठवणक्षमता सुमारे ११ टीएमसी आहे. डिसेंबर २०१५ मध्ये येथे महापूर आला, तेव्हा चेंबरंबाक्कममधून पाणी केव्हा आणि किती सोडावे, हा वादाचा विषय ठरला. जून २०१९ मध्ये हेच जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि जुलैमध्ये जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मिरजेहून लातूरला २०१६ मध्ये धावलेली पाण्याची रेल्वे आपल्या स्मरणात असेलच. अशा आपत्तींमध्ये प्रश्न पाण्याचा असतो. तसाच तो योग्य आकडा योग्य वेळी निर्णय घेणाऱ्यापुढे असण्याचाही असतो.

चेन्नईचे पाणीपुरवठा मंडळ या जलाशयांची पातळी दररोज प्रसिद्ध करते. ही प्रथा अनुकरणीय आहे. परंतु नियोजनकाराला केवळ पातळी पुरत नाही. पर्जन्यमान, आवक, विसर्ग आणि टँकरच्या फेऱ्या हे सारे एका तक्त्यात शेजारी शेजारी दिसावे लागते. ही आकडेवारी वेगवेगळ्या विभागांकडून येते आणि आता ती उत्तरोत्तर क्लाउडमधील फाइल्सच्या रूपात साठवली जाते. केंद्र शासनाची ‘मेघराज’ ही क्लाउड सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे. मायक्रोसॉफ्टनेही २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबई येथे आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. साठवणुकीची सोय झाली. पण साठ्यापासून अहवालापर्यंतचा मार्ग कसा असावा, याचा विचार मात्र मागे पडतो.

प्रचलित मार्ग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. फाइल उतरवून घ्यायची, एक्सेलमध्ये चिकटवायची आणि तक्ता करायचा. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाचा टंचाई आढावा मी तपासत होतो. टँकरची संख्या दोन पानांवर निरनिराळी होती. चौकशीअंती असे दिसले की, एका पानाला आधार असलेली फाइल तीन आठवड्यांपूर्वी उतरवून घेतलेली होती. कोणीही खोटे लिहिले नव्हते. मूळ आकडे पुढे गेले होते आणि प्रत मागे राहिली होती. मेळ बसेपर्यंत काही गावांची मंजुरी मात्र आठवडाभर रखडली.

यावरील उपाय म्हणजे अहवाल प्रणाली मूळ साठ्याशीच जोडणे. हे काम डेटाबेस ड्रायव्हर करतो. तो एक प्रकारचा दुभाषी होय. अहवाल प्रणाली एसक्यूएल भाषेत प्रश्न विचारते. ड्रायव्हर तो डेटाबेसपर्यंत पोहोचवतो आणि उत्तर घेऊन येतो. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेली ओडीबीसी आणि १९९७ मध्ये जावासाठी आलेली जेडीबीसी या त्याच्या सर्वमान्य पद्धती आहेत. क्लाउडच्या बाबतीत एक पायरी वाढते. तेथील साधा साठा फाइल सांभाळतो, त्यातील ओळी आणि रकाने त्याला उमगत नाहीत. म्हणून फाइल्सना तक्त्याचे रूप देणारी एक यंत्रणा मध्ये लागते. ती स्वतंत्र सेवा म्हणून घेता येते. काही ड्रायव्हरांमध्ये ती अंतर्भूतच असते. जोडणी फसते तेव्हा पुष्कळदा हीच पायरी राहून गेलेली असते.

अर्थशास्त्राचा अभ्यासक म्हणून मी चार गोष्टींकडे लक्ष वेधू इच्छितो.

पहिली, खर्च. क्लाउडमध्ये साठवणे स्वस्त असते. पण अनेक सेवांमध्ये जितकी आकडेवारी वाचली जाईल, तितका आकार लागतो. दर तासाला दहा वर्षांची नोंद वाचणारा अहवाल अकारण खर्च वाढवतो. फाइल्स वर्ष व महिन्यानुसार विभागल्या आणि हवे तेवढेच रकाने मागितले, तर तो आटोक्यात राहतो.

दुसरी, अधिकार. अहवालासाठी दिलेले खाते केवळ वाचण्यापुरते असावे. लाभार्थ्यांची वैयक्तिक माहिती त्यातून वगळलेली असावी आणि संकेतशब्द अहवालाच्या फाइलमध्ये लिहिलेला नसावा.

तिसरी, व्याख्या. ड्रायव्हर आकडा आणतो, त्याचा अर्थ आणत नाही. एका विभागाचा ‘टँकर’ म्हणजे वाहन आणि दुसऱ्याचा म्हणजे फेरी असेल, तर उत्तम जोडणीही चुकीची बेरीज अधिक वेगाने करील, इतकेच.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्वातंत्र्य. जोडणी सर्वमान्य पद्धतीची असेल, तर उद्या अहवाल प्रणाली बदलली तरी साठा तोच राहतो आणि साठ्याची सेवा बदलली तरी अहवाल नव्याने रचावे लागत नाहीत. एकाच कंपनीच्या बंदिस्त पद्धतीत अडकलेल्या शासनाला पुढच्या करारात घासाघीस करण्याची ताकद उरत नाही. ही किंमत निविदेत दिसत नाही, पण ती करदात्यालाच मोजावी लागते. म्हणून निविदेच्या अटींमध्ये ओडीबीसी अथवा जेडीबीसी जोडणीचा स्पष्ट उल्लेख असावा, असा माझा आग्रह आहे.

आपण परत गेल्यावर एक साधे काम करावे. आपल्या विभागाच्या एका महत्त्वाच्या तक्त्यातील कोणताही आकडा निवडावा आणि तो कोठून, किती हातांतून व किती दिवसांनी तेथे आला, हे शोधावे. जितके हात कमी, तितका तो आकडा गावाच्या वास्तवाजवळ असेल. नियोजनाची विश्वासार्हता अखेर त्यावरच उभी असते.