रस्त्यावर सायकलस्वाराची जागा
(वरवट बकाल येथील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



वाचन, गणित आणि पटनोंदणी हे विषय आजच्या कार्यक्रमपत्रिकेत आहेतच. त्यांच्या आधी अर्धा तास मी मागून घेतला आहे, तो वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या एका विषयासाठी. रस्त्यावरून सायकल चालविणाऱ्या मुलाने नेमके कोठून जावे, हा तो विषय होय. ‘डावीकडून’ असे उत्तर आपण सर्वजण एकमुखाने देऊ आणि ते खरेही आहे. परंतु डावीकडून म्हणजे कडेपासून किती अंतरावरून, हा पुढचा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही; आणि मुलांच्या जीविताचा संबंध या पुढच्या प्रश्नाशीच अधिक आहे.

हे प्राथमिक शिक्षकांपुढे कशासाठी, अशी शंका कोणाच्या मनात येईल. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील १२५ मागास तालुक्यांत २०११ पासून इयत्ता आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी साहाय्य मिळू लागले. घरापासून पाच किलोमीटरच्या आत शाळा असलेल्या मुलींसाठी ही योजना आहे. तिच्यामुळे किती मुलींचे शिक्षण सातवीनंतर सुटावयाचे राहिले, हे आपण आपल्या गावांतून पाहतोच. पण सायकल हाती येते तेव्हा मुलगी बहुधा आपल्या शाळेतून बाहेर पडलेली असते. नवी सायकल, नवी शाळा आणि मोठा रस्ता या तिन्ही गोष्टी तिच्यापुढे एकाच आठवड्यात उभ्या राहतात. मोटार चालवावयाची तर परवाना लागतो, परीक्षा द्यावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने सायकल हे मोटार वाहनच नव्हे. त्यामुळे सायकलस्वाराची परीक्षा कोणीच घेत नाही. आपल्या वडिलांच्या पिढीत शहरांतून सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे आणि रात्री दिवा नसला तर पोलीस अडवीत. परंतु तो बिल्ला कराचा होता, कौशल्याचा नव्हे. तेव्हा परीक्षक म्हणून जो कोणी उरतो तो चौथी-पाचवीचा शिक्षकच.

गेल्या वर्षी एका शाळाभेटीत मी सहावीच्या मुलांना फळ्यावर रस्ता काढावयास सांगितला आणि त्यावर सायकल कोठे असावी ते दाखवा म्हटले. एका चुणचुणीत मुलीने रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ अचूक काढली आणि सायकल रेघेच्या बाहेर काढली. का, असे विचारता ती म्हणाली, “सर, रेघीच्या बाहीर आमची जागा हाय. आतली गाड्यायची.” सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. उत्तर तर्काला धरून होते, म्हणूनच मला ते अधिक काळजीचे वाटले. ती पांढरी रेघ सायकलींसाठी आखलेली नसते. वाहनांना चालण्यायोग्य असा रस्ता येथे संपतो, एवढेच ती सांगते. जो भाग रस्ता बांधणाऱ्याने रस्ता म्हणून धरलेलाच नाही, तो आपल्या मुलांनी आपला मानला आहे.

रेघेपलीकडे काय असते, ते आपणांस सांगावयास नको. आपली जमीन काळी, कपाशीची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि डांबराच्या कडेची पट्टी दरवर्षी थोडीथोडी खचते. पुष्कळ ठिकाणी डांबर आणि माती यांत चार बोटांची, कोठे वीतभराचीही पायरी पडलेली असते. कडेला चिकटून जाणाऱ्या मुलीचे पुढचे चाक त्या पायरीवरून खाली घसरते. ती घाबरून चालती सायकल तशीच वर घेऊ पाहते. चाक डांबराच्या कडेला घासते, वर चढत नाही, आणि सायकल आडवी होते ती मातीकडे नव्हे, तर रस्त्याकडे, मागून येणाऱ्या वाहनापुढे. म्हणून मुलांस पहिली गोष्ट ही शिकवावी की चाक खाली उतरलेच तर वर चढण्याची धडपड करू नये. थांबावे, उतरावे आणि सायकल उचलून वर घ्यावी. दुसरी गोष्ट, मुळात कडेपासून दीड हात आत राहावे. त्या दीड हातात मुलाला खड्डा चुकविता येतो, आणि मागच्या चालकाला तो रस्त्यावरचा एक प्रवासी म्हणून दुरूनच दिसतो.

याला एक अपवाद आहे आणि तो न सांगणे योग्य होणार नाही. आपले रस्ते अरुंद आहेत. समोरून बस आणि मागून मालट्रक एकाच वेळी येत असतील, तर दीड हाताचा हक्क सांगत बसू नये. वेग कमी करून, जागा पाहून खाली उतरावे आणि दोन्ही गाड्या जाऊ द्याव्यात.

मुलांच्या मनात आणखी एक गोंधळ असतो, आणि तो काही अंशी आपल्या शिकवणीतूनच येतो. पदपथ नसेल तेथे पायी चालणाऱ्याने समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, असे आपण सांगतो. शेगावला पायी जाणाऱ्या भाविकांसाठीही हेच हिताचे. मुले हाच नियम सायकलीला लावतात: समोरची गाडी दिसते ना, मग उजवीकडून गेलेले बरे! येथे गणिताच्या शिक्षकांनी मदत करावी. ट्रक तासाला ५० किलोमीटर वेगाने येतो आहे आणि सायकल १२ च्या वेगाने चालली आहे. दोघे एकाच दिशेने असतील तर त्यांच्यातील अंतर तासाला ३८ किलोमीटर या वेगाने मिटते. समोरासमोर असतील तर ६२ ने. शिवाय पायी चालणारा एका पावलात बाजूला होतो, सायकलस्वाराला तसे होता येत नाही. सापेक्ष वेगाचे हे उदाहरण पुस्तकातील आगगाड्यांपेक्षा मुलांना लवकर कळेल, असा माझा समज आहे.

आता जेथे सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग असतो, तेथील गोष्ट. आपल्या तालुक्यात असा मार्ग कोठे आहे, असे आपण हसून विचाराल. परंतु आपलीच मुले पुढे शिक्षणासाठी पुण्यापर्यंत जातात. भारतीय रस्ते काँग्रेसने सायकल मार्गांच्या रचनेविषयी शिफारशी १९६२ सालीच प्रसिद्ध केल्या होत्या. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात २००६ मध्ये जलद बससेवेच्या रस्त्यांलगत सायकल मार्ग बांधण्यात आले आणि २०१७ मध्ये महानगरपालिकेने सर्व शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला. निळ्या वर्तुळात पांढरी सायकल असा फलक असेल तर तो सायकल मार्ग होय आणि सायकलस्वाराने त्यानेच जावे. लाल कडेच्या वर्तुळात सायकल असेल तर तेथे सायकलीला बंदी आहे. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तर मोटारसायकललाही प्रवेश नाही. हे दोन फलक मुलांना शेजारीशेजारी दाखवावेत. निळा आज्ञा करतो आणि लाल मनाई करतो, एवढा भेद ध्यानात राहिला तरी पुरे.

मार्ग वेगळा मिळाला म्हणजे चिंता मिटली असे मात्र नाही. सरळ भागात तेथे सायकलस्वार निर्धास्त असतो. धोका असतो तो मार्गाला गल्ली येऊन मिळते तेथे आणि चौकात. गल्लीतून बाहेर पडणारा मोटारचालक प्रथम उजवीकडे पाहतो, कारण जवळची वाहने त्याला उजवीकडूनच येणार असतात. सायकल मार्गावरून उलट दिशेने येणारे मूल त्याच्या डावीकडून येते, म्हणजे जिकडे तो पाहतच नाही तिकडून. मार्ग स्वतंत्र असला तरी वाहतुकीच्या दिशेनेच जावे, याचे कारण हे आहे. चौकात डावीकडे वळणाऱ्या मालट्रकच्या डाव्या अंगाला कधीही उभे राहू नये. ती जागा चालकाच्या डोळ्यांना दिसत नाही, आणि ट्रक वळताना त्याचे मागचे चाक पुढच्या चाकाहून अधिक आतून वळते. ट्रकच्या मागे थांबावे. उजवीकडे जावयाचे असेल तर सरळ चौक ओलांडून थांबावे, उतरावे आणि सायकल हाती धरून पायी पलीकडे जावे.

पुण्यातील मार्गांची रड ही की ते अखंड नाहीत. मध्येच खांब येतो, झाड येते, उभी केलेली मोटार येते आणि सायकलस्वाराला एकाएकी मुख्य रस्त्यावर यावे लागते. मार्ग पुढे अडला आहे असे दिसताच आधी थांबावे, मागे वळून पाहावे, मोकळीक मिळेल तेव्हा हात दाखवून रस्त्यावर यावे. वास्तविक हाच प्रसंग आपल्या मुलांपुढे दर हंगामात येतो. सोयाबीन किंवा मका रस्त्यावर वाळत घातलेला असतो आणि त्याभोवती दगड रचलेले असतात. तेथे मुले मागे न पाहता वळसा घालून मध्यभागी जातात. शेतकऱ्यांशी बोलणे हे ग्रामपंचायतीचे काम. मागे वळून पाहण्याची सवय लावणे हे आपले.

नेदरलँड्स हा देश आज सायकल मार्गांसाठी नावाजला जातो. तेथे १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली व त्यांत चारशेहून अधिक बालके होती. तेव्हा ‘बालहत्या थांबवा’ अशा अर्थाच्या नावाने पालकांची चळवळ उभी राहिली, आणि पुढील वर्षांत मार्ग होत गेले. तरीही तेथील प्राथमिक शाळांनी वरच्या वर्गातील वाहतुकीची परीक्षा बंद केली नाही. लेखी भाग निराळा; मुले प्रत्यक्ष सायकलीवरून ठरलेल्या वाटेने जातात आणि वाटेत उभे असलेले परीक्षक त्यांचे वागणे टिपून ठेवतात. एवढे मार्ग असलेल्या देशाला जे आवश्यक वाटते, ते आपल्यासारख्या मार्गहीन तालुक्याला अनावश्यक कसे वाटावे?

आपल्याकडे हे कसे करावयाचे, त्याची माझी सूचना साधी आहे. मैदानावर फक्कीने रस्ता आखावा. कडेची रेघ मारावी, तीपासून दीड हातावर दुसरी तुटक रेघ मारावी आणि गावातून दोन-तीन सायकली मागवून मुलांना तुटक रेघेवरून चालवावयास लावावे. तेवढ्यात मागून घंटी वाजवावी. मूल मान वळवून पाहते आणि तरीही सायकल रेघेवर राहते, हे जमेपर्यंत सराव घ्यावा. पहिल्या दिवशी बहुतेकांची सायकल मानेबरोबरच वळेल. एखाद्या पालकाचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह मैदानात उभा करावा, किल्ली काढून घ्यावी, आणि एकेका मुलाला चालकाच्या जागी बसवून ट्रॉलीच्या डाव्या अंगाला मागे उभी केलेली सायकल दिसते का, ते विचारावे. दिसत नाही, हे त्याला स्वतः कळले की चालत्या ट्रॉलीला हात धरून ओढत जाण्याची खोड मोडावयास निराळे व्याख्यान लागणार नाही. ती खोड आपल्या भागात फार आहे. मुलींना सांगावे की रस्त्यावर एकीमागे एक, मध्ये दोन सायकलींचे अंतर. गप्पा शाळेच्या फाटकाच्या आत.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी पाचवी ते सातवीच्या प्रत्येक वर्गाला असे दोन तास मिळावेत. त्याची स्वतंत्र नोंदवही ठेवू नये. नोंदवह्या आपल्याकडे पुरेशा आहेत. भेटीला येईन तेव्हा मी मैदानावर दोन मुलांना सायकल चालवावयास सांगेन, तेवढे पुरे आहे. फक्कीचा खर्च सादिलमधून भागेल. ज्या शाळेच्या मैदानात पाणी साचून आहे, त्यांनी शेजारच्या शाळेशी बोलून एक दिवस ठरवावा आणि तो केंद्रप्रमुखांना आज जाण्यापूर्वी कळवावा.