अडुसष्टाव्या वर्षी विक्रोळीत

परदेशी स्वयंसेवेला जायचं म्हटलं की पंचविशीतला तरुण डोळ्यांपुढे येतो. पण 1966 साली मुंबईच्या विक्रोळीत उतरल्या त्या लिलियन कार्टर, वय वर्षं अडुसष्ट! जन्म 15 ऑगस्टचा, साल 1898. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या छोट्या गावच्या, पेशानं परिचारिका, पती वारलेले, मुलं आपापल्या संसारात.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी 1961 मध्ये सुरू केलेल्या ‘पीस कोअर’ या परदेशी स्वयंसेवेच्या योजनेत त्यांनी नाव घातलं. तिथली मुदत साधारण दोन वर्षांची. पगार नाही, जेमतेम राहण्याखाण्यापुरता भत्ता. निघण्याआधी मानसिक तपासणी आणि काही महिन्यांचं प्रशिक्षण. (या वयात घर सोडणाऱ्या बाईची मानसिक तपासणी करावी, असं आपल्याकडेही कुणी सुचवलंच असतं.)

विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत त्यांच्याकडे आधी कुटुंबनियोजनाचं काम आलं. पुढे त्या दवाखान्यात रमल्या. तिथे कुष्ठरोग्यांचीही शुश्रूषा केली. एकवीस महिने हे चाललं.

घरी त्या पत्रं लिहीत. त्या पत्रांचं पुस्तक 1977 मध्ये निघालं. त्याच वर्षी त्यांचा थोरला मुलगा जिमी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला होता.