तीस आणि पन्नास
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवाच्या दहा दिवसांत आपण सगळेच पायी चालणारे होतो. मुले मंडपाकडे धावतात, आजी-आजोबा आरतीला येतात, शेवटी मिरवणूक रस्त्यावर उतरते. म्हणून आज पादचाऱ्यांविषयी बोलतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते.

गाडीची धडक बसलेला माणूस वाचेल की नाही, हे कशावर ठरते? एक, वय. अमेरिकेतील २०११ च्या एका अभ्यासानुसार सत्तरीतल्या माणसाला ताशी ४० किलोमीटरची धडक जितकी जिवावर बेतते, तितकी तिशीतल्या माणसाला ५६ ची. दुसरे, गाडीचे तोंड. बुटक्या मोटारीचा मार मोठ्या माणसाच्या पायांवर बसतो. उंच, सपाट तोंडाच्या गाडीचा छातीवर, आणि मुलांच्या तर थेट डोक्यावर.

तिसरा आणि सर्वांत मोठा घटक म्हणजे वेग. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मोटारीचा वेग ५० वरून ६५ झाला, तर पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो.

आता साधे गणित करू. समोर १४ मीटरवर एक मूल रस्त्यात आले. ते दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरा. रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम. ताशी ३० ची गाडी त्या सेकंदात सव्वाआठ मीटर जाते, पुढच्या पाच मीटरांत थांबते. मूल वाचले. ५० ची गाडी त्याच एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे ब्रेक लागण्याच्या क्षणीच ती मुलापाशी पोहोचलेली असते, आणि तीही पूर्ण वेगाने!

इथे बरेच जण रेल्वेतले आहेत. रुळावर काम चालू असले की आपण ड्रायव्हरला कॉशन ऑर्डर देतो. गाडीला उशीर होतो, पण त्यावर कोणी वाद घालत नाही. मंडपासमोरच्या रस्त्याला अशी ऑर्डर कोण देणार? आपणच, स्वतःला.

कॉलनीतला अर्धा किलोमीटर रस्ता ५० ने ३६ सेकंदांत कापला जातो, ३० ने ६० सेकंदांत. फरक २४ सेकंदांचा. तेवढ्यात आरतीचे एक कडवेही पुरे होत नाही.

वय आपल्या हाती नाही, गाडीचे तोंड बदलता येत नाही. पाय मात्र आपला आहे. कार असो वा स्कूटर, कॉलनीत ३० च्या वर जायचे नाही, एवढा नेम आजपासून करू या आणि घरातल्या तरुण मुलांकडूनही पाळून घेऊ या. उत्सवापुरता नव्हे, वर्षभर.

गणपती बाप्पा मोरया!